आपल्याच शिबंदीनें बेट जाळिलें त्याची हकीकत

श्री. जो न सांगतां श्वास आंत घेतो आणि न सांगतां बाहेर सोडितो, ज्याचा चौघडा आपण निजलों तरी छातींत वाजत राहतो, त्यास नमन करून, आणि ज्यांचे घरीं ऐशी विपत्ति पडली त्यांची क्षमा मागून ही हकीकत लिहिली. शालिवाहन शके १९४१, विकारी नाम संवत्सर, आश्विन मास. संवत्सराचें नांवच ऐसें, मग आणिक कोणास दोष द्यावा. ते समयीं एक राज्य सुखरूप नांदत होतें. राज्य म्हणजे देह, आणि देह एका अकरा वर्षांचे मुलीचा. मुलीचें नांव बखरकारास ठाऊक आहे, परंतु लिहीत नाहीं. लोकांची लेक, चारचौघांत नांव कशास घ्यावें. राज्यांतील लोक तिजला धनीणबाई म्हणत. धनीणबाई बालेकिल्ल्यांत बसत आणि दोन खिडक्यांतून बाहेरचें जग बघत, परंतु आपलेच राज्यांत खालीं काय चालिलें आहे तें त्यांस कांहीं कळत नसे. सर्वच राजांचें ऐसें असतें, एकट्या त्या लेकरास बोल लावूं नये. खालीं तांबडी नदी अष्टौप्रहर वाहत असे आणि तिचे दोहीं कांठीं रयतेचीं घरें, मोजूं जातां मोजणारा म्हातारा व्हावा इतकीं. धनीणबाईंचें भोजन जाहलें कीं नदीस साखरेचा पूर येई, आणि ती साखर घरांत गेली तरच चूल पेटे. परंतु घरांचे दारांस कुलुपें, आणि कुलूप किल्लीवांचून उघडेना. त्या किल्ल्या पोटाचे मागील अंगास लहान लहान बेटें होतीं, तेथें घडत. घडणाऱ्या साऱ्या बायका. त्यांस किल्लीकरणी म्हणत. त्या नदींत बोट बुडवून जिभेस लावीत, आणि पाणी जितकें गोड तितक्याच किल्ल्या घडून नदींत सोडीत. एक जास्त नाहीं, एक कमी नाहीं. मग राज्यभर दारें उघडत, आणि धनीणबाई पळत, खेळत, दंगा करीत, आणि मातोश्रींचे हातचे धपाटे खात.

आतां या राज्याची एक रीत होती ती सांगितल्यावांचून पुढील मजकूर कळणार नाहीं. प्रत्येक घरानें आपले दारीं एक परडी टांगावी, आणि आंत जें घडत असेल, शिजत असेल, विणत असेल, त्याचा कीस, चुरा, कातरण रोज त्या परडींत घालावें. पहारेकरी वाटेनें जातां परडींत बोट घालून पाही. आपलेंच आहे ऐसें दिसलें कीं पुढें जाई. गनिमाचें कांहीं दिसलें तर समजावें कीं घरांत गनीम शिरला, आणि मग पुसणें नाहीं, पंचाईत नाहीं, घर घरच्यांसकट जाळावें. रीत कठोर खरी. परंतु गनीमही ऐसा कीं घरांत दडून घरच्यांचेच हातून आपली पिलावळ वाढवी, आणि एक घर वांचवूं जातां आळीच्या आळी हातची जाई. बरें, परडी रिकामी ठेवूं म्हणावें तर तेंही चालत नसे. रिकामी परडी म्हणजे कांहीं लपविलें आहे ऐसें मानून दुसरे पहारेकरी येत आणि तेही तेंच करीत. ऐसे हे पहारेकरी छातीचे हाडामागील तालमींत तयार होत. तेथें सखाप्पा वस्ताद म्हणोन जुने जाणते होते. ते प्रत्येक उमेदवारापुढें राज्यांतील घरोघरचा कीस मांडीत, आणि आपलेच घरचा कीस पाहून ज्याचा हात तलवारीस गेला त्यास तेथल्या तेथें मारीत. दहांतले नऊ त्या तालमींतून जिवंत बाहेर येत नसत, आणि त्याबद्दल कोणी अश्रु ढाळीत नसे. ईश्वरानें आणिक एक गोष्ट केली होती, कीं प्रत्येक पहारेकऱ्याचे नशिबीं एकच खूण ओळखणें लिहिलें होतें, आणि बहुतेकांचा जन्म ती खूण न दिसतांच सरे.

त्या तालमींत गोंदाजी म्हणोन एक उमेदवार होता. अंगानें सडपातळ, बोलणें थोडें, मनाचा हळवा. शिपाईगिरीस हा कशास आला ऐसें वाटावें. त्याची पाळी आली तेव्हां वस्तादांनी सर्व कीस मांडिले, हाडवाल्यांचा मांडिला, चामडेवाल्यांचा मांडिला, डोळ्यांतील भिंगें घासणारांचा मांडिला, आणि किल्लीकरणींचा कीस त्या राज्यांत तालमीस पहिल्यापासोन चिमूटभरच येत असे, तो बोटाचे टोंकावर धरिला आणि म्हणाले, "हा लांबच्या बेटांवरचा. बघितलास? चल पुढें." गोंदाजीनें बघितलें न बघितलें, आणि पुढें गेला. ओळखही जाहली नाहीं आणि वैरही जाहलें नाहीं. वस्ताद वाईट नव्हते, माल कमी आला त्यास ते काय करितील. कमी येणें हें त्या राज्याचे वाडवडिलांपासोन चालत आलेलें. ऐसा गोंदाजी जिवंत बाहेर पडला, आणि दैवाची करणी पहा, त्यास फिरती नेमून दिली ती त्या बेटांचीच.

त्या बेटावर राही म्हणोन एक किल्लीकरीण होती. बोलण्यास मोठी फटकळ, हातास मोठी सफाई, कोपरापर्यंत कीस लागलेला. गोंदाजी रोज येई, परडींत बोट घाली, आणि इतर दारीं पळभर थांबे तो येथें घटकाभर थांबे. राही आंतून म्हणे, "काय गोंदाजी, रोज बोट घालून बघतोस, आज काय निघालें?" तो म्हणे, "तुझेंच." "आणि काल?" "कालही तुझेंच." "मग उद्यां न बघतां ये, आणि तेवढा वेळ उंबऱ्यावर बैस." तो म्हणे, "पहाऱ्यावर असतां बसूं नये, दंडक आहे." त्यावर ती हंसून म्हणे, "दंडक ज्यानें केला त्यास कोणी बैस म्हटलें नसेल, दुसरें काय!" आणि गोंदाजी पुढें जाई, परंतु मन मागें राही. त्यास दुसरी कांहीं हांव नव्हती, जहागीर नको, मानाचें कडें नको. एकदां धनीणबाईंचें भोजन व्हावें, नदी गोड व्हावी, राहीनें किल्ल्या सोडाव्या, आणि दूरवर कुलुपें उघडल्याचा आवाज एकामागून एक येत राहावा, तो आपण तिचे उंबऱ्यावर बसून ऐकावा, इतकेंच त्यास वाटे. रोज वाटे आणि रोज तो उठल्यासारखा पुढें जाई, बसला नसतांच. प्रीतीचें ऐसेंच आहे, न घडलेलेंच फार आठवतें.

मग आश्विनांत धनीणबाई मैत्रिणींसह जत्रेस गेल्या, आणि मातोश्रींनी नको नको म्हटलेला बर्फाचा गोळा त्यांनीं नेमका खाल्ला, आणि त्या पाण्यावाटे पुंडांची टोळी राज्यांत शिरली. ऐसे पुंड दर साल येत, मार खाऊन जात. परंतु ही टोळी आंतड्यांतून निघोन चोरवाटेनें बेटांवर पोंचली आणि किल्लीकरणींचे घरांत दडली. मग दारोदारच्या परड्यांत पुंडांचा कीस दिसूं लागला, करडा, जरा वांकडा, आणि वांकणीपाशीं दोन खांचा. एकच हलकल्लोळ जाहला. घरें पेटलीं, आणि जळत्या घरांतून जासूद धांवले. त्यांचें काम ऐसें कीं जें सांपडेल तें पिशवींत भरावें आणि पोटांतले छावणीस नेऊन पहारेकऱ्यांस दाखवावें. आगीचे घाईंत कोण निवडीत बसतो. पुंडांचा कीस आणि किल्ल्यांचा कीस एकाच पिशवींत पडला, आणि जासुदांनी ओरड केली कीं हा गनीम, हा ओळखा. छावणींत पहारेकरी रांगेनें येत, बघत, आणि मान हालवून जात. गोंदाजी आला, त्यानें त्या पिशवींत बोट घातलें, आणि त्याचे काळजांत कळ उठली. ती वांकण, त्या दोन खांचा. ज्या एका खुणेसाठीं आपला जन्म जाहला ती हीच, आणि ती गनिमाची, ऐसें जासुदांचे ओरडीनें त्यास कळलें. त्यास आजवर वाटत होतें कीं राहीचे दारीं पाऊल अडतें तें तिचे बोलण्यामुळें. आणिक कोणी म्हणेल कीं तो नुसता तिचे परडींतील याच खुणेचा ओढा होता, त्यास स्वतःस कळत नव्हता इतकेंच. बखरकाराचें मत, दोन्हीं खरें.

छावणीची चाल ऐशी कीं ज्यास खूण पटली त्यास सरदारी मिळे, आणि त्याचेच मुशींतले शिपाई ओतून त्याचे हाताखालीं देत. तेच डोळे, तोच हात, तीच खूण. परंतु राहीचें बोलणें त्यांनीं ऐकिलें नव्हतें, तें मुशींत ओततां येत नाहीं. गोंदाजी फौज घेऊन बेटांवर चालून गेला, आणि पुंडांचें निर्मूळ केलें. धनीणबाईंचा ताप उतरला, त्यांनीं मऊ भात खाल्ला, आणि राज्यांत आनंदीआनंद जाहला. युद्ध सरलें म्हणजे आवरते म्हणोन कामगार असत, त्यांनीं फौजेंत फिरावें, एकेकाचे खांद्यावर हात ठेवावा आणि म्हणावें, "झालें बाबा, पुरे, शस्त्र खालीं ठेव." त्यांत भिवजी आवरता हा वृद्ध आणि फार सज्जन, परंतु त्या राज्यांत आवरते मुळांतच थोडे, आणि फौज अफाट वाढलेली, कोणाकोणाचे खांद्यावर हात ठेवील. आणि दुधानें तोंड पोळलें कीं ताकही फुंकून पितात, तैसी सर्वांची वृत्ति जाहलेली. त्या भरांत गोंदाजी आपले फिरतीवर आला, राहीचे दारीं आला, आणि परडींत बोट घातलें. आंत किल्लीचा कीस होता. करडा, जरा वांकडा, वांकणीपाशीं दोन खांचा. हात तलवारीस गेला.

राही दारांत उभी होती. पुंडांचे दिवसांत तिचें घर कसें वांचलें तें तिचें तिला ठाऊक. ती म्हणाली, "गोंदाजी, परत आलास! मी म्हटलें मेलास कीं काय." आणि मग तिनें त्याचे हाताकडे पाहिलें. "हें काय रे?" तो म्हणाला, "तुझे परडींत त्याचें आहे." "कोणाचें?" "गनिमाचें." राही म्हणाली, "तें माझें आहे. माझे आईचें होतें, तिचे आईचें होतें. तूं रोज बोट घालून तुझेंच म्हणत होतास, तेंच हें." गोंदाजी म्हणाला, "तेव्हां मला ठाऊक नव्हतें." ती म्हणाली, "आणि आतां काय ठाऊक जाहलें?" गोंदाजीचे मनास सर्व कळत होतें, हातास कांहीं कळत नव्हतें. सर्व बळ लावून त्यानें पाठ फिरविली आणि चालूं लागला. परंतु त्याचे पाठीमागें त्याचीच फौज होती, आणि तिनें शेजारचे परडींत बोट घातलें होतें.

मग जें जाहलें तें लिहितांना हात जड होतो. एक घर गेलें, मग दुसरें गेलें, मग आळी गेली, मग बेट गेलें. किल्लीकरणी ओरडून सांगत कीं आम्ही तुमच्याच, आणि शिपाई म्हणत कीं गनीमही हेंच सांगतो. हे शिपाई हरामखोर नव्हते, फितूर नव्हते, प्रत्येकजण इमानानें चाकरी करीत होता. हेंच तर रडायाचें. कुंपणानेंच शेत खाल्लें, आणि कुंपणास वाटत राहिलें कीं आपण राखण करितों. माघ गेला, फाल्गुन आला, आणि नदींत साखर तुंबूं लागली. दारें बंद, घरांत चुली थंड, आणि दारापाशीं गोड पाणी छातीइतकें चढलेलें. नदी उशाशीं आणि कोरड घशाशीं ऐशी दशा. लोक दारें आंतून ठोकीत, लेकरें रडत, आणि कोणी भिंतीची माती, आढ्याचीं लांकडें, ठेवणींतली चरबी जाळून दिवस काढूं लागलें. साखर वाहून नेण्यास पाणी पुरेना, तेव्हां बालेकिल्ल्यांत आरोळी गेली कीं पाणी पाठवा, आणि धनीणबाई तांब्यावर तांब्या पिऊं लागल्या. मातोश्री म्हणाल्या, "अगो, माठ भरून अजून दुपार नाही झाली, आणि रिकामा? आणि ही गळ्याची हाडं कधी दिसायला लागली तुझी?" धनीणबाई म्हणाल्या, "आई, मला नुसतं झोपावंसं वाटतंय." तेव्हां मातोश्रींनीं लेकीस कडेवर घेण्याचें वय नसतांही कडेवर घेतलें आणि वैद्यबाईंकडे नेलें. वैद्यबाईंनीं थेंबभर रक्त पाहून सांगितलें, "मुलीनं गोड फार खाल्लं म्हणून हे झालं नाही, तुमचं काही चुकलं म्हणूनही नाही. तिच्या अंगातल्या राखणदारांनीच घात केला आहे. पण मुलगी वाचेल, आणि चांगली जगेल." ऐसें म्हणून दंडाचे तटास बारीक सुई टोंचली. राज्यांतील पहारेकरी धांवले कीं तट कोणी फोडिला, तों पाहतात तर नदींत किल्ल्या. किल्ल्याच किल्ल्या! परक्या हातानें घडलेल्या, परंतु कुलुपास बसत. खालपासोन वरपर्यंत दारें उघडलीं आणि लोक दारांत बसून रडले. वैद्यबाईंचें कल्याण असो.

तेथून पुढें कांहीं काळ निवांतपणाचा गेला, त्यासारखा गोड काळ या हकीकतींत दुसरा नाहीं. सुई रोज येई, जेवणापूर्वीं येई, तों नदींत तुंबलेली साखर ओसरली. बेट गेलें तरी राहीचें घर दैवयोगें अजोन उभें होतें. बेटावर आणिक चार दोन घरें, बाकी राख. तिजला आतां फार किल्ल्या घडाव्या लागत नव्हत्या, थकलेले हात तिनें मांडीवर ठेविले होते, आणि परडींत किल्लीचा कीस न पडतां घरचेंच साधें कातरण, केरसुणीचा काडीकचरा, इतकेंच पडे; परडी रिकामीही नाहीं आणि वैर जागवणारीही नाहीं. फौज पेंगुळली. भिवजी आवरता काठी टेकीत आला, आणि त्यानें गोंदाजीचें मनगट धरिलें आणि म्हणाला, "मी धरितों. तूं जा, भेटून ये." मग गोंदाजी त्या दारीं गेला, एका बाजूस भिवजी, आणि जन्मांत प्रथम उंबऱ्यावर बसला. मग राही म्हणाली, "कसें आहे बसणें?" तो म्हणाला, "पाय दुखतात. आजवर दुखले नव्हते." ती हंसली. तो म्हणाला, "माझेवर राग नाहीं?" ती म्हणाली, "आहे कीं. माझ्या बहिणी गेल्या, राग नसेल तर काय असेल? पण रागास घेऊन मी एकटी बसूं तरी किती. बैस." मग तीं दोघें नदीकडे बघत बसलीं, आणि सुईच्या किल्ल्या वाहत गेल्या, आणि दूरवर कुलुपें उघडलीं. राही कान देऊन म्हणाली, "माझ्या किल्लीचा आवाज असा नव्हता. हलका होता." गोंदाजी म्हणाला, "मला ठाऊक आहे." आणि त्यास भरून आलें, कारण राज्यांत हें ठाऊक असणारे आतां हे दोघेच. तो रोज येऊं लागला, रोज बसूं लागला, आणि जें रोज मिळतें त्याची अधिकच हुरहूर लागते हें त्यास तेव्हां कळलें. उठून जातांनाच त्यास परत येण्याची ओढ लागे. बसल्या जागींही वाटे कीं हें संपेल. आणि भिवजी म्हातारा मनगट धरून बसे, आणि त्याची मूठ दिवसेंदिवस सैल होत होती, तें त्यानें कोणास सांगितलें नाहीं.

मग श्रावणांत धनीणबाईंचे मावशीचे घरीं वास्तुशांत निघाली. पंगत बसली, पुरणपोळी, जिलबी, आणि मावशी आग्रहाची. मातोश्री स्वयंपाकघरांत अडकल्या, सुईची डबी गाडींत राहिली, गाडी घेऊन मामा दूध आणावयास गेले, आणि धनीणबाई वाट पाहून भुकेजल्या आणि जेवल्या. यांत कोणाचा गुन्हा नाहीं. जेथें माणसें तेथें वेळ टळते. नदीस पूर आला, ऐसा पूर कीं बेटाच्या पायऱ्या बुडाल्या. किल्ली एकही नाहीं. घराघरांतून दारें ठोकल्याचा आवाज येऊं लागला, आणि तो आवाज वाढत गेला. राहीनें नदींत बोट बुडविलें, जिभेस लाविलें, आणि उठली. गोंदाजी म्हणाला, "कोठें?" "भट्टी पेटविते." तो म्हणाला, "राही, नको. बाहेरून येईल. जरा उशीर, पण येईल." ती म्हणाली, "येईल रे. पण तें ठोकणें तुला ऐकूं येतें ना? जीभ गोड जाहल्यावर हात मांडीवर ठेवून बसणें मला साधत नाहीं. तुला परडी बघितल्यावांचून राहवतें काय?" तो म्हणाला, "कीस पडेल." ती म्हणाली, "पडूं दे. तूं जा. नदीपलीकडे जा, नाक डोळे मिटून बैस." मग गोंदाजी भिवजीस म्हणाला, "काका, घट्ट धरा हो, जीव गेला तरी सोडूं नका," आणि दोघे निघाले, म्हातारा ओढीत आणि गोंदाजी ओढवून घेत. राहीनें किल्ल्या घडल्या, पहिल्या घडत होती तैशा, हलक्या आवाजाच्या, पाण्याचे गोडीइतक्याच, आणि नदींत सोडिल्या, आणि दारें उघडूं लागलीं. गोंदाजी पैलतीरीं उभा राहून तो आवाज ऐकत होता, आणि आनंदानें रडत होता. आणि त्याच वेळीं वाऱ्यानें परडीचा वास आणिला. भिवजीनें दोहों हातांनी मनगट आवळिलें. मग एका हातानें. मग म्हातारा एकटाच नदीकांठीं बसलेला दिसला.

गोंदाजी दारीं आला तेव्हां राही हात पुसत होती. तिनें त्याचेकडे पाहिलें आणि सरकून उंबऱ्यावर जागा केली. म्हणाली, "सगळीं दारें उघडलीं?" तो म्हणाला, "सगळीं. ऐकिलीं मी." "मग बघ आतां परडींत." त्याचे ओंठ नाहीं नाहीं म्हणत होते. बोट परडींत गेलें.

सारांश. सुई लौकरच आली, मातोश्री धांवत आल्या, आणि राज्य राहिलें. आज धनीणबाई मोठ्या जाहल्या, आपली सुई आपण भरतात, शाळेंत धांवण्याचे शर्यतींत भाग घेतात आणि हरल्या तर रुसतात. सर्व यथास्थित आहे. बाहेरच्या किल्ल्या कुलुपास बसतात, रयतेस आतां त्यांचाच आवाज ठाऊक आहे, आणि बेटावर कोणी राहत होतें हें नव्या लोकांस सांगितलें तरी खरें वाटत नाहीं. बेटावरचीं उरलीं चार दोन घरेंही राहीमागें गेलीं, मग फौज विरली, भिवजी वारला. गोंदाजी मात्र मेला नाहीं; ज्यास खूण पटली त्यास त्या राज्यांत मरूं देत नाहींत, आठवणीसाठीं ठेवितात. तो रोज त्या बेटावरून फिरती करितो. तेथें राखेंतून एखादे वेळीं कोंभ यावा तैसें नवें घर उभें राहूं शकतें, ऐसें जाणते म्हणतात. अवघ्या राज्यांत राहीची ओळख पटेल असा तोच एक उरला आहे, आणि ती आली तर सर्वांआधीं त्यासच कळेल. म्हणोन ती परत यावी ऐसें त्यास रोज वाटतें, आणि ती कधीं न यावी म्हणून तो रोज नवस करितो. येणेंप्रमाणें जाहलें तें लिहिलें, अधिक लिहवत नाहीं.